बाबांना दिसणारी माणसं

७ फेब्रुवारी

दादा,

पत्राच्या वरच्या भागात जे काही लिहायचं असतं ते मी लिहिलंय असं समज. चार कागद फाडून झाले. 'कसा आहेस' लिहिलं की खोटं वाटतं, न लिहावं तर उद्धटपणा होतो. तेव्हा ते राहू दे.

काम अगदी छोटं आहे. आमच्या ऑफिसातल्या एका बाईंच्या वडिलांना हल्ली नसलेली माणसं दिसतात. खोलीत कोणी नसतं, आणि त्यांना दिसतं. त्यांना कोणत्या डॉक्टरकडे न्यावं हे त्या बाईंना कळत नाहीये. मी म्हटलं, माझ्या भावाला विचारते, शहरातल्या अर्ध्या डॉक्टरांच्या पाट्या त्याच्या हातच्या आहेत. डोक्याचे डॉक्टर एकाच प्रकारचे नसतात ना? एक मनाचे, एक नसांचे, एक कापाकापीचे, असं काहीतरी होतं. तुझ्या हाताला आठवत असेल.

मला आठवतो तो खालचा बोळ. भिंतीला टेकवून वाळत ठेवलेल्या पाट्या, टर्पेंटाइनचा वास, आणि शाळेतून येताना अंग चोरून चालायचं, नाहीतर युनिफॉर्मला कोणाची तरी पदवी चिकटायची. बाबा शिडीवर, तू खाली दोरी ताणून खडूची रेघ मारतोयस, आणि आई स्टुलावर बसून मजकूर वाचून दाखवतेय. तिला ते लांबलचक शब्द एका दमात यायचे नाहीत. ती तोडून तोडून वाचायची. 'मज्जा... मग विकार... मग तज्ज्ञ. अहो, आधी अर्धा ज आणि मग ज्ञ, विसरू नका.' बाबा वरून म्हणायचे, 'मला शिकवू नकोस, पुढचं वाच.' आणि हमखास तिथेच एक ज विसरायचे.

त्याआधीचा काळही मला पुसट आठवतो. आपल्या रस्त्यावर एकच दवाखाना होता आणि त्याच्या पाटीवर एकच शब्द होता. डॉक्टर. पोट दुखलं, पाय मुरगळला, परीक्षेच्या भीतीने ताप आला, सगळ्याला तेच एक गृहस्थ. ते नाडी बघता बघता घरातलं सगळं विचारून घ्यायचे, आणि आपल्या आवाक्यातलं नसेल तर चिठ्ठी देऊन सांगायचे, 'अमक्याकडे जा, माझं नाव सांग.' मग ती चार मजल्यांची इमारत झाली, प्रत्येक मजल्यावर नवे डॉक्टर आले, आणि बाबांना श्वास घ्यायला फुरसत राहिली नाही. 'माणूस होता तेवढाच आहे,' ते म्हणायचे, 'पण त्याचे वाटेकरी फार वाढले.'

आपला खेळ आठवतो का? जो शब्द न अडखळता वाचेल तो त्या गोष्टीचा डॉक्टर. तू दरवेळी हृदय पटकावायचास. मला कान-नाक-घसा मिळायचं, आणि एकाच्या जागी तीन मिळाले म्हणून मी उड्या मारायची.

तर तेवढं कळव. त्या बाई वाट बघतायत. घरी सगळं ठीक. बाबा बरे आहेत, चष्म्याची कुरकुर असते तेवढी.

तुझी,
बारकी


३ मार्च

दादा,

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर बघून पोस्टमन म्हणाला, 'छापलेलं आहे का हो हे?' मी सांगितलं, माझा भाऊ जहाजांवर नावं रंगवतो, तिकडे लांब, बंदरात. तो बराच वेळ पाकीट उलटसुलट करत उभा होता.

तू सगळं नीट लिहिलंस. मनाचे डॉक्टर, नसांचे डॉक्टर, शस्त्रक्रियेचे डॉक्टर, कोण काय बघतं, कोणाकडे थेट जाता येतं, कोणाकडे चिठ्ठी घेऊन गेलेलं बरं. आणि खाली वेगळ्या शाईत एकच ओळ: 'त्या बाईंच्या वडिलांना जिना उतरताना कोण धरतं?'

मी धरते, दादा. तुला पहिल्या ओळीतच कळलं असणार.

डिसेंबरात कधीतरी सुरू झालं. आम्ही जिना उतरत होतो. बाबा एकदम भिंतीला चिकटून उभे राहिले आणि मला म्हणाले, 'जाऊ दे त्यांना आधी.' जिन्यात चिटपाखरू नव्हतं. मला वाटलं, त्यांची नेहमीची थट्टा. मी हसले. तेही हसले, पण जरा उशिरा. मग एकदा दुकानात रंगाच्या डब्यांच्या फळीकडे बघून म्हणाले, 'त्या पोरांना खाली उतरव, पडतील.' त्यानंतर ते याबद्दल बोलायचेच बंद झाले. पण मला दिसायचं ना. जेवताजेवता मान हळूच वळायची, नजर कशाच्या तरी मागे दारापर्यंत जायची, आणि मग ते घाईने काहीतरी विचारायचे, पाणी आलं का, आज कोण वार.

दुकानात उतरणं बंद केलं. म्हणाले, गुडघे दुखतात. गुडघ्यांना काही झालेलं नाही. शेवटची पाटी त्यांनी रंगवली ती एका शिंप्याची. मधली अक्षरं एकमेकांवर चढली होती. त्यांनी ती स्वतःच आतल्या खोलीत उलटी करून ठेवली आणि शिंप्याला सांगितलं, माझ्याने होणार नाही. बाबांच्या तोंडून हे वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं. ब्रश धुतलेसुद्धा नाहीत, वाळून काठ्या झाल्या त्यांच्या.

आता हसू नकोस. मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार-फोनवर बसते. नळ गळतोय तर हा विभाग, पाणी गढूळ आहे तर तो विभाग, मीटर बंद आहे तर पलीकडची खिडकी, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि आपल्या बाबांना कोणत्या खिडकीवर न्यायचं ते मात्र कळेना. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, 'आमच्या डॉक्टरांकडे जा, देवमाणूस आहे.' मी म्हटलं, 'काकू, ते किडनीचे ना?' तर म्हणाल्या, 'असेनात का, माणूस चांगला आहे.' ऑफिसात साहेबांनी गुडघ्याच्या डॉक्टरांचं कार्ड दिलं. फोनवर शोधलं तर पहिला आला दातांचा दवाखाना, हसऱ्या बाईच्या फोटोसकट.

शेवटी आपल्या जुन्या दवाखान्यातच गेले. म्हातारे डॉक्टर आता बसत नाहीत, एक तरुण बाई बसतात. बाबांना सांगितलं, रक्तदाब बघायला जाऊ. त्या बाईंनी रक्तदाब बघितला, साखर बघितली, लघवी तपासायला दिली, घरातल्या सगळ्या गोळ्या मागवून टेबलावर मांडल्या. 'यातली नवी कोणती? म्हातारपणी एखाद्या गोळीनेसुद्धा असं होतं, साध्या जंतुसंसर्गानेही होतं,' म्हणाल्या. तसं काही निघालं नाही. मग त्यांनी नसांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. डोक्याचा फोटो काढला. तोही स्वच्छ. 'वयाच्या मानाने उत्तम,' ते म्हणाले, आणि पुढची चिठ्ठी दिली मनाच्या डॉक्टरांकडे.

तिथे अडलं सगळं. त्याच चार मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. बाबांनी ती पाटी वाचली नाही, नुसती बोटांनी चाचपली. त्यांच्याच हातची होती. मग वळले, कठडा धरून खाली गेले आणि फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसले. मी म्हटलं, 'बाबा, नुसतं बोलायचंय.' तर म्हणाले, 'माझ्या बहिणीलाही असंच सांगितलं होतं.'

त्यांना बहीण होती, तुला ठाऊक होतं?

उरलेलं पुढच्या वेळी.

बारकी


१९ मार्च

दादा,

तू विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर हे मी कोणाला सांगितलं नसतं.

तिला सगळे आक्का म्हणायचे. बाबांहून बरीच मोठी. बाबांना अक्षर तिनेच शिकवलं, पाटीवर नव्हे, ओल्या मातीत काडीने. मग ती रिकाम्या अंगणाशी बोलायला लागली. आधी सगळे हसले, मग घाबरले. एक दिवस आजोबा तिला म्हणाले, 'चल, डॉक्टरांशी नुसतं बोलून येऊ.' बाबा त्यांच्याबरोबर गेले होते. मोठं फाटक होतं, आत झाडं होती. आक्का आत गेली. आजोबा आणि बाबा परत आले. त्यानंतर घरात तिचं नाव निघालं नाही, आणि ती तिथेच केव्हातरी गेली हे बाबांना मोठेपणी कुठल्या तरी नातेवाइकाच्या बोलण्यातून कळलं.

'म्हणून मी कोणाला सांगितलं नाही,' ते म्हणाले. 'मला दिसतं ते मला ठाऊक आहे की नाहीये. फळीवर पोरं बसत नाहीत एवढं मला कळतं. पण सांगितलं असतं तर तू मला चल म्हणाली असतीस.'

मी त्यांना चल म्हणूनच आणलं होतं ना.

आम्ही तसेच बसून होतो. आमचा नंबर येऊन गेला असणार, कारण थोड्या वेळाने पांढरी टोपी विणल्यासारखे केस असलेल्या एक बाई जिना उतरून आल्या आणि विचारलं, 'इथे बसू का?' बाबा म्हणाले, 'बाक काय माझा आहे?' त्या बसल्या, बाबांच्या शेजारी, कडेला. 'मी वरच्या मजल्यावरची डॉक्टर,' त्यांनी सांगितलं. बाबा उठायला लागले. त्या म्हणाल्या, 'बसा हो. मी कोणाला कुठे ठेवून घेत नाही. तशी जागाच नाही माझ्याकडे, दोन खोल्या आहेत, एकीत फायली.'

बाबा हसले. मग त्या दोघांचं आधी पाटीवरून सुरू झालं. ती रंगवायला किती वेळ लागला, अक्षराला सावली का दिली. बाबांनी तारीख-वार-महिना न विचारता सांगितला, शिवाय त्यांच्या पाटीचा रंग कोणत्या बाजूने उडालाय आणि का, हेही. हळूहळू दिसणाऱ्या माणसांची गोष्ट निघाली. छोटी असतात, म्हणाले. टोप्या घालतात. कपडे फार सुरेख, एकेक टाका दिसतो. कधी माणसं नसतातच, नुसती विटांची भिंत असते, रेखीव, वीट न् वीट.

बाई ऐकता ऐकता उठल्या आणि त्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. बाबांनी मान एका बाजूला कलती केली. हल्ली ते तसंच करतात, मला वाटायचं, कानाने कमी ऐकू येतं.

'आता माझ्याकडे बघा,' त्या म्हणाल्या. 'माझ्या चेहऱ्याचं काय काय दिसतं?'

बाबांनी मान आणखी कलती केली.

'खरं सांगा. मी रागावणार नाही.'

'खरं सांगू?' बाबा म्हणाले. 'तुम्हाला कान आहेत. केस आहेत. चेहरा नाही.'

'आणि हिला?' त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

'हिलाही नाही,' बाबा म्हणाले. 'दिवाळखोर झालोय मी चेहऱ्यांच्या बाबतीत. पण हिचा पाठ आहे मला.'

दादा, मी रोज त्यांच्या समोर बसून जेवते. मी त्यांच्याकडे बघून हसते, डोळे वटारते, तोंड वेडंवाकडं करते. ते सगळं कोणाला दाखवत होते मी इतके महिने?

'डोळे कोणी तपासले?' बाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, 'चष्मा बदलला ना, दोनदा.' कुठे, तर चष्म्याच्या दुकानात. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांनी डोळे मिटून एक श्वास घेतला. मग समजावलं. चष्म्याचा नंबर काढणारा वेगळा, डोळ्याचा डॉक्टर वेगळा, आणि डोळ्याच्या डॉक्टरांतही आतल्या पडद्याचा डॉक्टर वेगळा. 'यांना पडद्याचे हवेत. मी चिठ्ठी देते आणि फोनही करते. चिठ्ठी तुमच्या पर्समध्ये पडून राहील, फोन केला की ते तुम्हाला बोलावतील.' जाताना बाबांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, 'तुम्ही माझे पेशंट नाही. पण मन इतकं एकटं ठेवू नका, नाहीतर व्हाल.'

परत येताना बाबा रिक्षात चक्क गुणगुणत होते.

तुझा मेसेज मिळाला. हो, उद्याची वेळ मिळालीय.

बारकी


२ एप्रिल

दादा,

सगळं एकदम सांगते, तुकडे करत नाही. तुझा जीव टांगणीला लागलाय हे तुझ्या अक्षरावरून दिसतं. पहिल्यांदाच तुझी ओळ खाली उतरलेली बघितली.

पडद्याचे डॉक्टर उंच, घाईत असलेले, पण हात मात्र अगदी सावकाश. बाबांच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बाहेर बसवलं. त्या अंधाऱ्या खोलीत सगळेच थेंबवाले, डोळे मिटून रांगेने बसलेले. बाबा म्हणाले, 'इथे आम्ही सगळे सारखे.' मग फोटो काढले. डॉक्टरांनी पडद्याचा फोटो मला दाखवला. केशरी गोल, आणि बरोबर मध्यभागी डाग.

डोळ्याचा पडदा मधोमध झिजलाय. वयाने होतं हे, पुष्कळांना होतं. कडेचं दिसत राहतं, मधलं जातं. वाचायला, चेहरे ओळखायला नेमकं मधलंच लागतं. उजव्या डोळ्याचं मधलं गेलेलं आहे, ते परत येणार नाही. डाव्या डोळ्यात मात्र पडद्याखाली नव्याने पाणी साचायला लागलंय, आणि ते थांबवता येतं, डोळ्यात इंजेक्शन देऊन. मी 'डोळ्यात?' म्हणून इतक्या मोठ्याने ओरडले की बाहेरची माणसं आत डोकावली. डॉक्टर म्हणाले, 'आणखी उशीर केला असता तर इंजेक्शन द्यायला काही उरलं नसतं.' पहिलं त्याच दिवशी दिलं. बाबा नंतर म्हणाले, मुंगी चावल्यासारखं. खुर्चीचा हात मात्र असा धरून ठेवला होता की बोटं मला सोडवावी लागली.

आणि ती माणसं. डॉक्टरांना त्यात काही नवल वाटलं नाही, उलट ते खूश झाले. म्हणाले, डोळ्याकडून मेंदूला चित्र यायचं कमी झालं की मेंदू स्वस्थ बसत नाही, स्वतःच चित्रं काढत बसतो. त्याला नावसुद्धा आहे, एका जुन्या माणसाचं. हे वेड नाही, विसराळूपणा नाही, आणि घाबरून कोणी सांगत नाही म्हणून दुर्मीळ वाटतं, एवढंच.

बाबांनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, 'म्हणजे आमच्या आक्कालाही...?'

'त्यांच्याबद्दल मी काही सांगू शकत नाही,' डॉक्टर म्हणाले. 'त्यांचे डोळे तेव्हा कोणी बघितले होते का?'

'नाही,' बाबा म्हणाले. 'कोणी बघितले नाहीत.'

मला वाटलं, आता झालं. पण बाबा उठेनात. 'एक विचारू का डॉक्टर? माझ्याकडे रोज इतकी माणसं येतात. टोपीवाले, मुलं, बायका. त्यांतला एकही ओळखीचा नाही. माझी बायको जाऊन वर्षं झाली. ती एकदाही नाही आली. असं का?'

डॉक्टरांची घाई कुठल्या कुठे गेली. म्हणाले, 'बहुतेकांचं असंच असतं. ओळखीचे येत नाहीत. का, ते आम्हालाही नीट ठाऊक नाही.'

'हरकत नाही,' बाबा म्हणाले. 'ती तशीही बोलावल्याशिवाय कुठे जायची नाही.'

मी बाहेर जाऊन पाणी पिऊन आले.

परत आले तेव्हा डॉक्टरांनी बाबांसमोर एक कागद धरला होता. चौकटी चौकटींचा, गणिताच्या वहीसारखा. एकेक डोळा झाकून बघायला लावलं. 'रेघा सरळ दिसतात की वाकड्या?' बाबा म्हणाले, 'वाकड्या. मधे पोट आलंय.' डॉक्टर म्हणाले, 'रेघा सरळच आहेत. या आजाराची ही पहिली खूण. मधलं जाण्याच्या पुष्कळ आधी सरळ रेघ वाकडी दिसायला लागते. घरी हा कागद भिंतीला लावा, रोज बघा, पोट वाढलं तर लगेच या.'

बाबांनी कागद हातात घेतला. खूप वेळ बोटाने ती रेघ चाचपत राहिले. मग विचारलं, 'पाच-सहा वर्षांपूर्वीसुद्धा अशी दिसली असेल का?'

'तेव्हा मी तुम्हाला बघितलेलं नाही. काहींचं हळूहळू, वर्षानुवर्षं चालतं. असू शकेल. नसेलही.'

बाबा कशाबद्दल विचारत होते हे तुला सांगायला नको. त्या नव्या इस्पितळाची पाटी, तू आठवडाभर खपून केलेली, आणि इस्पितळाच्या माणसांसमोर बाबांनी 'ओळ वाकडी आहे' म्हणून फडक्याने पुसलेली. तू म्हणत होतास, सरळ आहे, दोरी लावून बघा. त्यांनी दोरी लावली नाही. आणि तू ब्रश डब्यात ठेवून घर सोडलंस ते सोडलंसच.

कागद गुंडाळून घेऊन आम्ही घरी आलो. जिन्यात मला म्हणाले, 'तो अजून हातानेच रंगवतो ना?' म्हटलं, 'हो, जहाजांवर.' 'जहाजाला तर सगळंच गोल असतं. सरळ ओळ कशी काढतो?' मला ठाऊक नव्हतं. 'विचार त्याला,' म्हणाले. आणि दोन पायऱ्या चढून, 'नाहीतर नको. मीच विचारेन.'

तू विचारलं होतंस ना, 'ते माझ्याबद्दल काही बोलतात का?' बोलले ते हे. एक अक्षर मी पदरचं घातलेलं नाही.

बारकी


११ मे

दादा,

तुमचं फोनवर काय बोलणं झालं ते मला दोघांपैकी कोणीच सांगत नाही. मी मुद्दाम खाली दुकानात जाऊन बसले होते. वर आले तर फोन गरम झाला होता आणि बाबा खिडकीपाशी बसून हवेत बोटाने मोठमोठी अक्षरं काढत होते. जहाजाच्या पोटावर ओळ सरळ दिसावी म्हणून ती जरा वाकडी काढावी लागते, एवढंच मला कळलं. तेही त्यांनी वरच्या काकूंना सांगितलं म्हणून.

तुझी तारीख कळली. तुझी खाट झटकून ठेवलीय. तुला घ्यायला मी येणार नाही, बाबांना एकटं सोडायचं नाही म्हणून, तेव्हा काही गोष्टी आधीच सांगून ठेवते.

डावा डोळा तग धरून आहे. तिसरं इंजेक्शन झालं, पाणी ओसरतंय. मोठी अक्षरं वाचतात. तरुण डॉक्टरबाईंनी आणखी एकांकडे पाठवलं, त्या औषध देत नाहीत, उरलेल्या नजरेने काम कसं चालवायचं ते शिकवतात. अशीही माणसं असतात हे मला कुठे ठाऊक होतं. त्यांनी बाबांना कडेने बघायला शिकवलं. तेव्हा बाबा तुझ्याशी बोलताना तुझ्या खांद्याकडे बघतील. मनाला लावून घेऊ नकोस. खांद्याकडे बघितलं की त्यांना तुझा चेहरा दिसतो. परवा माझ्या कानाकडे बघत म्हणाले, 'बारके, तुझे केस पिकले की.' मी पातेलं खाली ठेवलं आणि आधी रडून घेतलं, मग भांडले.

त्यांचा हात धरून ओढू नकोस. तुझा कोपर पुढे कर, ते धरतात. घरातली खुर्ची जागची हलवलीस तर माझ्याशी गाठ आहे. दुकान उघडलंय. छपाईचं यंत्र नाही आणलेलं, काळजी करू नकोस, पण काम थोडंच येतं. बाबा आता खडूने नुसता आराखडा काढतात, हातभर उंचीची अक्षरं. त्या शिंप्याची पाटी तशीच अडून आहे. तो बिचारा अजून थांबलाय. बाबांनी त्याला सांगितलंय, मुलगा येतोय.

आणि ती टोपीवाली मंडळी अजून येतात. पूर्वीपेक्षा कमी, संध्याकाळी जास्त. बाबा आता त्यांना घाबरत नाहीत, त्यांच्या कपड्यांची वर्णनं करतात, आणि मी पोळ्या लाटता लाटता ऐकते. फक्त दाराची एक अडचण होते. दारात कोणी उभं दिसलं की खरं कोणतं ते त्यांना कळत नाही. त्यावर त्यांनी स्वतःच तोड काढलीय. ती माणसं कधी बोलत नाहीत. म्हणून बाबा विचारतात, 'कोण?' आवाज आला तर माणूस, नाही आला तर जाऊ दे. गेल्या आठवड्यात एक कुरिअरवाला कानात काहीतरी घालून नुसताच उभा राहिला. बाबांनी दोनदा विचारलं आणि शांतपणे त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं.

म्हणून तुला सांगते. तू येशील, सामान खाली ठेवशील, आणि बाबांकडे बघतच राहशील. मला माहीत आहे. मी तुला लहानपणापासून ओळखते. पण दारात नुसता उभा राहू नकोस, दादा. आल्याआल्या काहीतरी बोल. नाही सुचलं तर बाहेर ऊन फार आहे असं म्हण. बाकीचं ते बोलतील.

वाट बघतोय.

बारकी